मार्चमध्ये इंदूर: दुपार कंपनीला द्या, सकाळ-रात्र स्वतःकडे ठेवा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे असं की पुण्याहून मार्चमध्ये इंदूरजवळच्या पीथमपूरला, म्हणजे कारखान्यांच्या गावी, तीन दिवसांचं व्हेंडर ऑडिट लागलंय, मिसेस आणि आई (वय ७०) म्हणतायत आम्हीपण येतो, आणि ऑफिसमधले एक गृहस्थ सांगतायत की मार्चमध्ये तिकडे भट्टी असते, घरच्यांना डिसेंबरमध्ये वेगळं घेऊन जा. शिवाय रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, बघावी की त्या दिवशी इंदूर टाळावं, हे पण विचारलंय.

मी इंदूरचीच. माहेर रामबागेतलं, सासर राजेंद्रनगरचं. गेली १९ वर्षं कंपन्यांच्या बाहेरगावच्या पाहुण्यांची व्यवस्था बघते, गाडी, हॉटेल, डबा, आणि मधे रविवार आला तर त्यांना फिरवून आणणं. सुरुवात एका सेकंडहँड इंडिकावर झाली होती. ऑडिटर, मशिन बसवायला येणारे इंजिनीअर, कॅम्पस इंटरव्ह्यूवाले, त्यांच्या बायका, सासवा, सगळे बघितलेत. माझं मत विचाराल तर मार्चमध्येच आणा घरच्यांना. मात्र मार्च म्हणजे कुठला मार्च आणि दिवसातला कुठला भाग, ह्यावर बरंच काही आहे, म्हणून जरा लांबण लावते.

ऊन असतं का, तर असतं, लपवण्यासारखं काही नाही. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारी साधारण ३२-३३ डिग्री, महिनाअखेर ३६-३७ पर्यंत. पण इंदूर माळव्याच्या पठारावर आहे, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, आणि ह्या दिवसांत हवा कोरडी, आकाश मोकळं, त्यामुळे सूर्य मावळला की जमीन भराभर निवते. रात्री नऊला बाहेर पडाल तर वारा सुटलेला असतो, पहाटे तर पातळ चादर लागते. आमच्याकडे शब-ए-मालवा म्हणतात ते ह्यालाच, माळव्याची रात्र. जुन्या लोकांनी काही उगाच नाव नाही दिलं. तर मार्चमध्ये इंदूर सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी सहा ते रात्री एक असं जगायचं शहर आहे, आणि मधले जे सात-आठ तास कोणालाच नको असतात नेमके तेच तुम्ही कंपनीत एसीमध्ये काढणार आहात. म्हणून मी म्हणते की कामाला येणाऱ्या माणसाला हा सीझन निव्वळ फिरायला येणाऱ्यापेक्षा जास्त मानवतो. निव्वळ फिरायला आलेले लोक दुपारी दोनला राजवाड्यासमोर उभे राहून मला फोन करतात की मॅडम आता काय बघायचं. आता काहीच नाही, रूमवर जा आणि झोपा.

आता डिसेंबरचं. हवा उत्तम असते, वाद नाही. पण नोव्हेंबरच्या शेवटापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत लग्नसराई, हॉटेलं, गाड्या, हॉल सगळं बुक. मग नाताळची सुट्टी, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये उज्जैनला महाकाल लोक, म्हणजे महाकालेश्वराच्या देवळाभोवतीचा नवा परिसर, झाल्यापासून वर्षअखेरीला जी गर्दी उसळते तिचा निम्मा मुक्काम इंदुरात पडतो. ह्याउलट मार्चमध्ये काय होतं बघा. होळीआधी आठ दिवस होलाष्टक, त्यात इकडे लग्नं लावत नाहीत, आणि साधारण १४ मार्चपासून महिनाभर सूर्य मीनेत असतो, त्याला खरमास म्हणतात, त्यातही नाहीत. महाराष्ट्रात आपण एवढं पाळत नाही म्हणून तिकडच्यांच्या हे लक्षातच येत नाही. त्यात मुलांच्या परीक्षा, फॅमिली टूर नाहीत. मग खोल्या मिळतात, रेट बोलता येतो, ड्रायव्हर चांगला मिळतो. चांगला ड्रायव्हर मिळणं ही केवढी मोठी गोष्ट आहे हे तीन दिवस वाईट ड्रायव्हरबरोबर काढल्याशिवाय कळत नाही. अपवाद महाशिवरात्रीचा, ती फेब्रुवारीत कधी मार्चमध्ये येते, त्या आठवड्यात उज्जैनचं नाव काढू नका.

कामाच्या बाजूने दोन-तीन गोष्टी नीट ऐका. महिन्याचा शेवटचा आठवडा घेऊ नका, मार्च एंडिंगमध्ये समोरचा अकाउंट्सवाला तुमच्याकडे ढुंकून बघणार नाही आणि ऑडिट करायला बसलात तर चहासुद्धा कडू येईल. पहिला-दुसरा आठवडा मागा. दुसरं म्हणजे पीथमपूर. लोक इंदूर-इंदूर म्हणत येतात पण पीथमपूर धार जिल्ह्यात आहे, शहराच्या मध्यापासून तीसेक किलोमीटर, आणि सकाळी शिफ्टच्या वेळी तासापेक्षा जास्त धरा. म्हणून विजयनगरला राहू नका. तिकडची हॉटेलं चकचकीत आहेत, मॉल आहेत, सगळं खरं, पण ते शहराचं दुसरं टोक. आयटीवाल्यांचं सुपर कॉरिडॉर परत वेगळ्या दिशेला, विमानतळाकडे. मेट्रो मे २०२५ मध्ये सुरू झाली ती त्याच बाजूला छोट्याशा टप्प्यावर, तुमच्या उपयोगाची नाही. तुम्ही एकटे असता तर राऊला किंवा आमच्या राजेंद्रनगरकडे रहा म्हटलं असतं. मिसेस आणि आई दिवसभर एकट्या असणार म्हणून पलासियाच्या आसपास रहा, छप्पन दुकान ही खाण्याची गल्ली तिथून चालत, रिक्षा दारात, दवाखाने जवळ. तुमचा प्रवास थोडा वाढेल, वाढू द्या.

सकाळी निघायच्या आधी सात वाजता तिघं मिळून पोहे खायला बाहेर पडा. हॉटेलचा फुकट ब्रेकफास्ट सोडा. इथले पोहे आपल्या कांदेपोह्यांसारखे कढईत परतून झाकण ठेवलेले नसतात, मोठं पातेलं खाली उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवलेलं असतं आणि सकाळभर गरम राहतं, त्यात बडीशेप, वरून कच्चा कांदा, शेव, आणि जिरावण. जिरावण म्हणजे इंदूरचा स्वतःचा मसाला, आंबटतिखट, परत जाताना दोन पाकिटं न्यालच. बरोबर जिलबी. पुण्याची माणसं पहिल्या दिवशी नाक मुरडतात, पोह्यांबरोबर गोड काय म्हणून, आणि तिसऱ्या दिवशी जिलबी दोनदा मागतात, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता हसूही येत नाही.

तुम्ही कंपनीत असताना बायकांनी काय करायचं? सकाळी दहाच्या आत राजवाडा परिसर. सात मजली आहे, खालचे मजले दगडी आणि वरचे लाकडी, १९८४ च्या दंगलीत जळाला होता, नंतर दुरुस्त केला. मागे गोपाळ मंदिर, खाली उतरलं की कृष्णपुऱ्याच्या छत्र्या म्हणजे होळकरांची स्मारकं, जवळच जुनं दत्त मंदिर. पंढरीनाथाचं देऊळपण तिथेच अलीकडे आहे, आणि इंद्रेश्वराचं, ज्याच्यावरून गावाला इंदूर नाव पडलं असं सांगतात. काच मंदिर बघा, सेठ हुकुमचंदांनी बांधलेलं जैन मंदिर, भिंती, खांब, छत सगळीकडे काचेचं काम. हे सगळं अडीच तासांत होतं, मग घरी, सॉरी हॉटेलवर, जेवण आणि झोप. संध्याकाळी पाचनंतर शीतलामाता बाजार किंवा एमटी क्लॉथ मार्केट, एमटी म्हणजे महाराजा तुकोजीराव, कापडाचं घाऊक मार्केट. कापडाचं वेड असेल तर मिसेसना परत आणणं अवघड जाईल एवढं सांगते. मराठी नाटकाचा शौक असेल तर सानंद ह्या इथल्या मराठी संस्थेचे प्रयोग असतात, पण ते सभासदांसाठी, कोणी ओळखीचं असेल तर विचारा.

आणि रात्री सराफा. हा दिवसा सोन्याचांदीचा बाजार, दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांवर खाण्याच्या गाड्या लागतात आणि एक-दीडपर्यंत चालतं. म्हातारी माणसं सांगतात की सराफांनाच हे हवं होतं, रात्री माणसांचा वावर असला की दुकानांची राखण आपोआप होते. मार्चमध्ये सराफ्यात एक गोष्ट नाही मिळणार, गराडू. तो थंडीतला कंद, तळून मसाला लावून देतात, होळीपर्यंत त्याचा सीझन उतरलेला असतो, आणि कोणी आणून दिलाच तर खाऊ नका, उगाच इंदूरबद्दल मत खराब होईल. बाकी सगळं आहे. भुट्ट्याचा कीस, खोपरा पॅटीस, दहीवडा (एका दुकानात वाटी हवेत उडवून झेलतात, सगळे व्हिडिओ काढतात, तुम्हीपण काढा), मावा बाटी, मालपुवा, ताटाएवढी जिलबी. आईंना उपास असला तर साबुदाणा खिचडी घ्या पण आधी सांगून ठेवा की ही आपली दाण्याच्या कुटातली तुपात परतलेली नाही, वाफेवरची असते, वरून फराळी मिक्स्चर आणि मसाला. माझ्या एका पाहुण्यांच्या सासूबाईंनी पहिला घास घेऊन विचारलं होतं ही भेळ आहे का, आणि मग पूर्ण प्लेट संपवली. शिकंजीचंही तसंच, लिंबू सरबत समजू नका, ती दाटसर दुधाची असते, सुकामेवा घातलेली, आणि ती मात्र गरम दुपारीच खरी लागते, थंडीत पिणाऱ्याला तिचं काय ते कळत नाही. सराफ्याला साडेआठला जाऊन उपयोग नाही, दहानंतर जा, जेवून तर अजिबात जाऊ नका, आणि तिघांत एक प्लेट घ्या. गर्दीत आईंना उभं राहणं जड जाईल म्हणून शक्यतो सोमवार ते गुरुवारातली रात्र पकडा, शनिवारी तर आमचीपण हिंमत होत नाही. हो, आणि प्लेट, कागद हातातून खाली टाकू नका. २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतंय गाव, लोकांच्या अंगात भिनलंय ते, शेजारचा अनोळखी माणूस "भिया, डस्टबिन उधर है" म्हणून सांगेल आणि ते ऐकताना पुणेकराला फार लागतं असा अनुभव आहे.

आता गेर. इथे माझे हात पोळलेत म्हणून नीट सांगते.

आपल्याकडे रंगपंचमी कॅलेंडरात राहिली आणि रंग धुळवडीला गेला, इंदुरात मात्र खरा रंग पंचमीलाच. होळकरांच्या वेळेपासून राजघराणं रयतेबरोबर रंग खेळायचं असं म्हणतात, तीच रीत गेर होऊन बसली. टोरी कॉर्नर, संगम कॉर्नर अशा वेगवेगळ्या भागांतून मिरवणुका निघतात आणि राजवाड्याकडे येतात, पाण्याचे टँकर, मोटारपंपाने चार-पाच मजले वर जाणारी रंगाची धार, गुलाल उडवणारी यंत्रं, आणि रस्त्यावर मुंगी शिरायला जागा नाही इतकी माणसं. राजवाड्याला आणि आसपासच्या इमारतींना आधीच प्लास्टिक गुंडाळून ठेवतात. सकाळी साडेनऊ-दहापासून दुपारी दोन-तीनपर्यंत चालतं, आणि ते संपल्यावर सफाईवाले उतरतात. माझ्या मते गेर संपल्यानंतरचे दोन तास बघण्यासारखे आहेत, सगळा लाल-निळा रस्ता डोळ्यादेखत परत काळा होतो.

काही वर्षांपूर्वी एका पाहुण्यांची खोली मी राजवाड्याजवळच्या एका हॉटेलात बुक केली, स्वस्त पडली म्हणून, आणि पंचमीची तारीख माझ्याच डोक्यातून गेली. रिसेप्शनवरच्या माणसानेही काही सांगितलं नाही. सकाळी दहाला त्यांची मीटिंग. गाडी दीड किलोमीटरवर अडवलेली, ते पांढऱ्या शर्टात लॅपटॉप बॅग डोक्यावर धरून चालत आले आणि गाडीत बसले तेव्हा बॅग कुठली आणि माणूस कुठला ते सांगता येत नव्हतं. बिचारे चांगले होते, हसले. पण मीटिंग गेली, आणि त्या कंपनीचं काम नंतर माझ्याकडे आलं नाही.

तर पंचमी कामाच्या तारखांत येऊ देऊ नका. इंदुरात त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते. पण पीथमपूर धार जिल्ह्यात, कारखान्याची सुट्ट्यांची यादी वेगळी असू शकते, म्हणजे कागदावर प्लांट चालू आणि निम्मे लोक इंदूर-महूहून आलेच नाहीत असं होतं, मग ऑडिट कोणाचं करणार? प्लांटच्या एचआरला आधीच विचारून घ्या. पंचमी रविवारी किंवा सोमवारी येत असेल तर सोनं, आदल्या दिवशी या, गेर बघा, दुसऱ्या दिवसापासून काम. आठवड्याच्या मधे येत असेल तर एक दिवस रजा टाका नाहीतर तो आठवडाच सोडा. आईंना मात्र रस्त्यावर अजिबात नेऊ नका, मिसेसनाही ओळखीचं गच्चीचं घर मिळालं तरच. तुम्ही जा, जुने कपडे, चष्मा असेल तर दोरी लावून, मोबाइल प्लास्टिकमध्ये, अंगाला आणि केसांना खोबरेल तेल, आणि पाकीट हॉटेलवर ठेवा.

बाहेरगावचं एकच ठिकाण करा. पाहुण्यांना मांडू हवं असतं, आणि मी मार्चमध्ये नाही म्हणून सांगते. मांडू पावसाळ्यातलं आहे, मार्चमध्ये वाडे-महाल तेच असतात पण दरी वाळलेली, आणि तिथे सावली कमी. पाताळपाणीचा धबधबा तर ह्या दिवसांत नुसता कडा. उज्जैन ५५ किलोमीटर, पण २०२८ च्या सिंहस्थासाठी रस्त्याची कामं चालू आहेत तेव्हा वेळ सढळ धरा, दर्शन पहाटे नाहीतर रात्री.

माझी पसंती महेश्वर, नव्वदेक किलोमीटर. जाताना महू, मंडलेश्वरच्या रस्त्याने जाम गेटवरून उतरा. अहिल्याबाईंच्या काळातला दरवाजा विंध्याच्या कड्यावर उभा आहे, तिथून खाली निमाड दिसतो, आणि मार्चमध्ये ह्या घाटात पळस फुललेला असतो, एकही पान नाही, नुसता केशरी. हे डिसेंबरमध्ये नाही मिळत. पण ध्यानात ठेवा, घाट उतरलात की तुम्ही पठारावरून नर्मदेच्या खोऱ्यात, साडेतीनशे-चारशे मीटर खाली आलात. इंदूरपेक्षा दोन-तीन डिग्री जास्तच धरा. म्हणून पहाटे पाचला निघायचं, आठच्या आत नर्मदेच्या घाटावर, नावेतून फेरी, अहिल्याबाईंचा वाडा, मागांवर साड्या विणताना बघणं, आणि अकराला परतीला लागायचं. किंवा सरळ रात्रीचा मुक्काम करा, घाटावरची संध्याकाळ मिळेल. आईंच्या पिशवीत जाड जुने मोजे टाका, देवळात चपला काढल्या की दगडी पायऱ्या साडेदहापासूनच चटके देतात. हे मी एका आजींच्या पायाला फोड आल्यावर शिकले, तेव्हापासून माझ्या प्रत्येक गाडीच्या डिकीत मोज्यांचे चार जोड असतात.

एक अडचण सांगायची राहिली. मार्च उलटता उलटता गव्हाची कापणी-मळणी जोरात असते, आणि नंतर बरेच शेतकरी नरवाई म्हणजे गव्हाचे कापलेले बुडखे जाळतात. महामार्गावर धूर आणि भुसा. आईंना दम्याचा किंवा धुळीचा त्रास असेल तर पहिल्या पंधरवड्यातच या, इनहेलर हाताशी, आणि महेश्वर सोडून द्या, शहरातच मजा करा. तब्येत ठणठणीत असेल तर काही नाही, उलट मळणी झालेला नवा गहू बघून बऱ्याच बायका पोतं घेऊन जायचं म्हणतात, मग ते गाडीत कसं बसवायचं हा माझा प्रॉब्लेम.

यायला मुंबईकडून अवंतिका एक्सप्रेस आहे, रात्री बसा सकाळी इंदूर. पुण्याहूनही रेल्वे आहे, विमान आहे. रात्रीच्या बसने आईंना आणू नका, सेंधव्याच्या घाटात ट्रक अडकले की पोचायची वेळ देवालाच ठाऊक.

तुमच्या ऑडिटच्या नक्की तारखा, प्लांट पीथमपूरच्या कुठल्या सेक्टरला आहे, आणि आईंना जिने चढता येतात का, एवढं कळवा. म्हणजे पलासियाला राहायचं की राऊकडे ते पक्कं सांगते, आणि पंचमी मधे येते का तेही बघून ठेवते.